नऊ खुर्च्या आणि सहाचा आकडा

टिळकवाडीत राहणाऱ्या किंवा तिथे क्लासला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींपैकी कितीजणांना माहीत आहे, की टिळकांची होमरूल लीग बेळगावातच जन्माला आली? एप्रिल १९१६. मुंबई प्रांतिक परिषदेसाठी सगळे पुढारी बेळगावात जमले होते, तेव्हाच लीगची स्थापना झाली. अध्यक्ष टिळक स्वतः नव्हते. अध्यक्ष झाले माझगावचे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा, लोक त्यांना काका बॅप्टिस्टा म्हणायचे. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते.

या महिन्याचा विषय त्यांच्या एका हरलेल्या अर्जाचा आहे. बेळगावच्या त्या परिषदेच्या आठ वर्षं आधीचा.

१९०८ च्या जूनमध्ये 'केसरी'तल्या लेखांवरून टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली. खटला मुंबई हायकोर्टात, न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे. हेच दावर १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते, तो योगायोग इथे नुसता सांगून ठेवतो. खटला सुरू होण्याआधी सरकारने अर्ज केला, की आम्हाला 'स्पेशल ज्यूरी' हवी. स्पेशल ज्यूरी म्हणजे वेगळ्या, छोट्या यादीतून निवडलेली माणसं. पैसाअडका, हुद्दा, इंग्रजी शिक्षण असलेली. त्या यादीत युरोपियनांचा भरणा होता. बॅप्टिस्टांनी अर्जाला विरोध केला. त्यांचा मुद्दा आपल्या आजीलाही पटला असता: लेख मराठीत आहेत, आणि या यादीतून ज्यूरी निवडली तर बहुतेक जण मराठी न समजणारे युरोपियन येतील.

दावरांनी सरकारचा अर्ज मंजूर केला. नऊ जण बसले. सात युरोपियन, दोन पारशी.

आता थोडं गणित. मी इंजिनीयर असल्यामुळे आकडा दिसला की हात शिवशिवतो. हायकोर्टात ज्यूरी नऊ जणांची असायची आणि एकमत लागायचं नाही. सहा जणांचं मत जुळलं आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत असले, की निकाल झाला. म्हणजे सात युरोपियन एका बाजूला असतील तर उरलेल्या दोघांनी काहीही म्हटलं तरी फरक पडत नाही. ते दोघे खुर्चीवर आहेत, त्यांना मत आहे, पण त्या मताला वजन शून्य. २२ जुलै १९०८ च्या रात्री निकाल आला तो तसाच: सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा, पुढे मंडाले.

१८९७ चा खटला काढून बघितला तर अंगावर काटा येतो. तेव्हाच्या ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. निकाल सहा विरुद्ध तीन. जितके लागतात बरोबर तितकेच. कुणी मुद्दाम मोजून बसवले होते असं मी म्हणत नाही. मोजायची गरजही नव्हती, कारण यादीच तशी होती.

यातली खरी गोम कायद्याच्या एका कलमात आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद होती, की जिल्ह्याच्या सेशन्स कोर्टात ज्यूरीपुढे खटला चालत असेल आणि आरोपी युरोपियन किंवा अमेरिकन नसेल, तर त्याने मागितल्यास ज्यूरीत बहुसंख्य लोक युरोपियन-अमेरिकन नसलेले असावेत. बघा, हक्क कागदावर होता! पण तो सेशन्स कोर्टापुरता. मुंबई हायकोर्टाच्या खटल्याला तो लागू नव्हता. उलट युरोपियन ब्रिटिश आरोपीला मात्र हायकोर्टातही आणि सेशन्समध्येही निम्मी तरी ज्यूरी आपल्या लोकांची मागता येत होती. इल्बर्ट बिलावरून १८८३ साली गोऱ्यांनी जो गदारोळ केला, त्यातून आलेल्या तडजोडीने हे संरक्षण आणखी पक्कं झालं होतं. एकाच देशात, एकाच पुस्तकात, माणूस बघून दोन हिशेब.

भाषेचंही तसंच. ज्यूररला साक्षीपुराव्याची भाषा समजत नसेल तर त्याच्यावर हरकत घेता येत होती. मात्र पुढेच पळवाट होती: पुराव्याचं भाषांतर होणार असेल तर भाषांतराची भाषा समजली म्हणजे झालं. म्हणून मराठी लेखावरचा निवाडा मराठीचा एक शब्द न कळणारा माणूस कायदेशीरपणे करू शकत होता. टिळकांनी कोर्टाच्या भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, स्वतःचा बचाव स्वतः केला, तासन् तास आणि दिवसेंदिवस बोलले, त्यात बराच वेळ शब्दांच्या अर्थावर गेला. 'माथेफिरू' हा एक शब्द घ्या आणि इंग्रजीत नेऊन बघा. त्यात राग किती, कीव किती, आणि घरातल्या वाया गेलेल्या पोराबद्दल बोलताना येतो तो सूर किती? भाषांतरात यातलं एकच काहीतरी निवडावं लागतं, आणि ते निवडणारा तुम्ही नसता.

आमच्या निपाणीकडच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या घरी शेताचा उतारा किंवा कुठल्या कचेरीची नोटीस आली, की आजी ती पदराने पुसून शेजारच्या मास्तरांकडे घेऊन जायची. कन्नड मला येतं. शाळेत शिकलो, आणि बेळगावात बीई करताना वर्गातले निम्मे मित्र कन्नडच होते, त्यांच्या घरी जेवलो आहे. भाषेशी भांडण नाही. पण आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना आजीचा चेहरा कसा व्हायचा, तो मी बघितलाय. मास्तर चांगले होते म्हणून निभावलं. नसते तर?

पुन्हा मुद्द्यावर येतो. शिक्षा झाली, मग अपील? १८९७ साली लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांच्या बाजूने अ‍ॅस्क्विथ उभे राहिले, जे नंतर इंग्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांचा भर होता तो न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला राजद्रोहाचा अर्थ चुकीचा समजावला यावर. अपिलाची परवानगी मिळाली नाही. १९०८ च्या शिक्षेनंतर हायकोर्टाने परवानगी नाकारली, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्यासाठी विलायतेला जाऊन राहिले, तिथेही दार उघडलं नाही. माझ्या मते 'ज्यूरी अशी का निवडली' हा प्रश्न त्या अपिलांत टिकण्यासारखाच नव्हता, कारण नियम कुणी मोडलेलाच नव्हता. नियमच तसा होता.

शिवाय ज्यूरी कारण देत नाही. 'दोषी' किंवा 'निर्दोष', बस. सातजणांना लेखातलं नेमकं कुठलं वाक्य राजद्रोही वाटलं, कुठे लिहिलेलं नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर आउटपुट आहे, लॉग नाही. बग कुठे शोधणार?

याच्या उलट उदाहरण आपल्या बेळगावचंच आहे. १ मे १९१६ ला टिळकांनी बेळगावात होमरूलवर भाषण केलं. मग नगरला दोन. सरकारने या तीन भाषणांवरून त्यांच्यावर चांगल्या वर्तणुकीच्या जामिनाची कारवाई केली. यात ज्यूरी नसते, मॅजिस्ट्रेटच ठरवतो. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. त्या काळचे वीस हजार! प्रकरण हायकोर्टात गेलं, मॅजिस्ट्रेटपुढे टिळकांची बाजू मांडणारे जीनाच तिथेही उभे राहिले, आणि ९ नोव्हेंबर १९१६ ला न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी हुकूम रद्द केला. सुटी सुटी वाक्यं न उचलता भाषण सगळं मिळून बघायला हवं, असा त्यांचा दृष्टिकोन होता. इथे खालच्या कोर्टाने कारणं लिहिली होती, म्हणून वरच्या कोर्टाला ती तपासता आली. ज्यूरीच्या निकालात ही सोय नाही. म्हणून ज्यूरीच्या बाबतीत सगळी लढाई दारातच लढावी लागते, कोण आत येतं आणि कोणाला बाहेर ठेवलं जातं तिथे.

दारातल्या लढाईचा सगळ्यात मोठा अनुभव अमेरिकेचा. तिथे दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही ज्यूरर कारण न सांगता नाकारता येतात. आपल्याकडेही हायकोर्टात हा अधिकार होता, दोन्ही बाजूंना आठ-आठ. वरवर बघता बरोबरी. पण कारण सांगायचं नसेल तर सरकारी वकील एकेक करून सगळे काळे लोक काढून टाकू शकतो, आणि तसंच चालत होतं. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात जेम्स बॅट्सन या काळ्या आरोपीच्या खटल्यात सरकारी वकिलाने चारच्या चारही काळे लोक नाकारले. त्याच्या वकिलाने तिथल्या तिथे, ज्यूरीने शपथ घेण्याआधी, हरकत घेतली. ती नोंदली गेली, म्हणून वरपर्यंत नेता आली. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की वंश बघून ज्यूरर नाकारणं घटनेविरुद्ध आहे, आणि बचाव पक्षाने संशयाला जागा दाखवली की सरकारी वकिलाला कारण सांगावं लागेल.

झालं, प्रश्न सुटला? वकिलांनी कारणं शोधून काढली. डोळ्याला डोळा देत नव्हता, त्या वस्तीत राहतो, तरुण आहे, म्हातारा आहे. १९९५ च्या एका खटल्यात लांब केस आणि दाढीमिशा हे कारण पुरेसं मानलं गेलं. तुमच्यापैकी जे कंपनीत इंटरव्ह्यू घेतात त्यांना ही जात ओळखीची वाटेल. 'टीममध्ये बसणार नाही असं वाटतं.' का बसणार नाही? 'वाटतं.'

हे पकडायचं कसं? तुलना करून. ही पद्धत मला फार आवडली, कारण आम्ही कोड असाच तपासतो: इनपुट सारखं ठेवा आणि आउटपुट बदलतंय का बघा. जॉर्जियातल्या टिमोथी फॉस्टरचा खटला १९८७ चा. आरोपी काळा, मृत वृद्धा गोरी, ज्यूरी सगळी गोरी, शिक्षा फाशीची. एका चौतीस वर्षांच्या काळ्या बाईला नाकारताना सरकारी वकिलाने सांगितलं, की तिचं वय आरोपीच्या वयाच्या फार जवळ आहे. आरोपी एकोणीसच्या आसपासचा! आणि छत्तिशीच्या आतले आठ गोरे लोक मात्र त्याला चालले होते, त्यात एक तर एकवीस वर्षांचा. जवळजवळ वीस वर्षांनी माहितीच्या कायद्याखाली बचाव पक्षाच्या हातात सरकारी वकिलांची जुनी फाईल आली. यादीत काळ्या लोकांची नावं हिरव्या हायलायटरने रंगवलेली, कोपऱ्यात रंगाचा अर्थही लिहिलेला. नावांपुढे 'बी' अक्षर. नक्की नाकारायच्या सहाजणांची वेगळी यादी, त्यातले पहिले पाच काळे. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध एक मतांनी फॉस्टरच्या बाजूने निकाल दिला.

सगळ्यांना अशी फाईल मिळत नाही. मिसिसिपीच्या कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालला, सहाही वेळा सरकारी वकील तोच. तिथे कुठे हायलायटर नव्हता, होते फक्त आकडे. सहा खटल्यांत मिळून बेचाळीस काळ्या लोकांपैकी एकेचाळीस नाकारले. सहाव्या खटल्यात नाकारलेल्या पाच काळ्या लोकांना मिळून १४५ प्रश्न विचारले, आणि घेतलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून १२. प्रश्न विचारतच राहिलं की कुठेतरी काहीतरी विसंगत उत्तर सापडतं, मग तेच कारण. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी शिक्षा रद्द केली आणि पुढच्या वर्षी सरकारने आरोप मागे घेतले. तोपर्यंत त्याची तेवीसेक वर्षं तुरुंगात गेली होती. अपील जिंकणं म्हणतात ते हे.

आता काही राज्यांनी हेतू सिद्ध करण्याची अटच सैल केली आहे. कॅलिफोर्नियाने ठराविक कारणं मुळातच संशयास्पद धरली आहेत. अ‍ॅरिझोनाने २०२२ पासून विनाकारण नाकारण्याचा अधिकारच काढून टाकला. इंग्लंडने तो १९८८ च्या कायद्याने काढला, कॅनडाने २०१९ मध्ये. मला अ‍ॅरिझोनाची वाट बरी वाटते. कारण न सांगता माणूस नाकारायचा अधिकार ठेवायचा आणि वर तो प्रामाणिकपणे वापरला जातोय का यावर पहारा ठेवायचा, हे डिझाइनच कच्चं आहे.

आपल्याकडे ज्यूरी गेली. नानावटी खटल्याने ती संपली असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते तितकंसं खरं नाही. त्या खटल्यानंतरही काही ठिकाणी ती चालू होती, १९७३ च्या नव्या फौजदारी संहितेत मात्र तिला जागा उरली नाही. त्याबद्दल हळहळ वाटून घ्यावी असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण पुन्हा १९०८ मध्येच आहे. टिळकांना शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, शिक्षेच्या एका वर्षासाठी एक दिवस. गोळीबार झाला, माणसं मेली. या कामगारांपैकी एकाचंही नाव स्पेशल ज्यूरीच्या यादीत येऊ शकलं नसतं. त्यांच्या बायकांचं तर नाहीच, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचा विचारही कुणी केला नसता. आपण सात युरोपियन मोजतो आणि चिडतो, ते बरोबरच आहे. पण सातच्या जागी सात सावकार बसले असते तर आमच्या निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीतल्या बाईला न्याय मिळाला असता का, हाही हिशेब करून बघायला हवा. बॅप्टिस्टांच्या अर्जात तो नव्हता. त्यांच्यापुढचं काम वेगळं होतं.

आपल्या मंडळाच्या कितीतरी घरांतली मुलं आता अमेरिकेचे नागरिक आहेत, म्हणून शेवटी थोडं कामाचं. माझ्या मामेबहिणीला मागे तिथल्या फेडरल कोर्टाचा ज्यूरीसाठीचा फॉर्म आला. तिने मला व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्यात वंश विचारला होता. ती वैतागली, "दादा, हे लोक आता कोर्टातपण हेच विचारणार? मी लिहिणार नाही." मी म्हटलं, खाली बारीक अक्षरात काय आहे ते वाच. तिथे लिहिलंय, की ही माहिती ज्यूरी निवडताना भेदभाव होऊ नये म्हणूनच घेतली जाते, पात्रतेशी तिचा संबंध नाही. मग तिला बेचाळीसपैकी एकेचाळीसचा आकडा सांगितला. ही नोंद कुणी ठेवलीच नसती, तर तो आकडा कुणाला काढता आला असता?

ती थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, "'एशियन'वर टिक करू ना?"